खोलीत दुसरं कुणी नको

नाण्याएवढा, चपटा, एका बाजूला अधिकचं चिन्ह कोरलेला आणि कडेनं हिरवट-पांढरा मळ धरलेला — ब्राह्मीनं तो बटण सेल अंगठ्याच्या नखानं टेबलावर उभा केला, टिचकी मारली, तो थोडा गरगरला, डगमगला आणि लॅपटॉपला टेकून आडवा पडला. मेलेला सेल. यात आता काही जीव उरलेला नाही, साध्या घड्याळातसुद्धा चालणार नाही, कचऱ्यातच जायचा... नवरा, आर्जव, दोनदा म्हणाला होता, अगं फेक की ते, हळदीच्या नमुन्यात जाऊन बसलं तर गिऱ्हाईक माझ्या नावानं बोंबलेल. तिनं फेकला नव्हता. दसऱ्यापासून तो या टेबलावर होता. अभ्यासाला बसलं की समोर तो, आणि त्याच्याकडं बघितलं की जुना राग पुन्हा तापायला लागायचा, आणि ते तापणं आपल्याला हवं आहे की नको हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. पुरावा म्हणून ठेवलाय, असं ती मनाशी म्हणायची. पण पुरावा मागितला होता कुणी?

तिनं पडद्याकडं बघितलं. सरावाचा प्रश्न तसाच पडून होता — इमारतीतले सर्व्हर आणि दूरचे, क्लाउडवर भाड्यानं घेतलेले सर्व्हर यांच्यातला दुवा तुटला, तर माणसांची ओळख कोण पटवणार? निम्मं इथं, निम्मं तिथं, आणि कारभार मात्र एकच असल्यासारखा चालवायचा. म्हणून परीक्षेचं नाव हायब्रिड सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशन. आर्जव मार्केट यार्डात अडत्यांना सांगायचा, आमच्या ब्राह्मीचं निम्मं काम ढगात असतंय, आणि सगळे हसायचे. हसू देत. तिनं प्रश्न पुन्हा वाचला आणि अर्ध्यातच तिला कळलं की आपले ओठ हलताहेत. पुन्हा! शाळेपासूनची सवय, ओठ हलल्याशिवाय वाचलेलं आत उतरतच नाही, आणि परीक्षेच्या नियमात स्वच्छ लिहिलेलं — घरून परीक्षा देताना खोलीत दुसरं कुणी नको, टेबलावर काही नको, भिंतीवर अक्षर नको, बाहेरून कुणाचा आवाज येता कामा नये, आणि तुम्ही स्वतःही बोलायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत. कॅमेऱ्यातून कुणीतरी बघत बसणार. कोण, कुठल्या देशातला, देव जाणे. त्याला माझ्या ओठांशी काय करायचंय? मी काय चोर आहे? आयुष्यभर तोंड बंद ठेवायला सांगणारी माणसं इथं कमी होती म्हणून आता परक्या मुलखातला एक नेमून दिला!

स्वयंपाकघरात तांब्या ठेवल्याचा आवाज झाला. मोठा नाही. मुद्दाम हळू ठेवल्यासारखा. तो हळूपणाच तिला टोचला.

आत्या — आर्जवची आई, विजयमाला — कालपासून बोलत नव्हत्या. एक शब्द नाही. आणि आत्यांचा न बोलणं हा स्वभावच नव्हता. त्यांचा आवाज म्हणजे गल्लीचा ठेवा. पहाटेचा पाठ त्या म्हणायच्या तो समोरच्या घरातल्या सुनेला पाठ झाला होता, आणि दुपारी मेथीवाला कोपऱ्यावरून वळायच्या आतच गॅलरीतून हाक जायची, ‘थांब रं, ए मेथीवाल्या!’ की तो हातगाडीसकट जागच्या जागी उभा. काल जेवताना ब्राह्मीनं नियम वाचून दाखवले. सगळ्यांसाठीच दाखवले होते. मग म्हणाली, घरात कडी लागणारी आणि रस्त्याच्या बाजूला खिडकी नसलेली खोली एकच, तुमची. उद्या दुपारपुरती द्या. आणि तेवढ्यावर थांबली असती तर बरं... पण दिवसभराचा शीण होता, ती बोलून गेली, ‘आत्या, तुमचा आवाज आत आला ना, तर माझी परीक्षा तिथंच रद्द करतील.’ आत्या उठल्या आणि ताट धुऊन ठेवलं. त्यानंतर गप्प.

मग मी चुकीचं काय बोलले? खोटं बोलले? ज्या घरात सगळ्यांना सगळं मोठ्यानं बोलायची मुभा, तिथं मी एकदा एक खरं वाक्य बोलले तर लगेच अबोला!

सकाळी त्या जैन बस्तीतून देवदर्शन घेऊन आल्या, तिच्यापुढं उप्पिटाची ताटली ठेवली, वर लिंबाची फोड, आणि बोटानंच खुणावलं, खा. तिनं विचारलं, ‘आत्या, तुमचं झालं का?’ त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, तेही कळू नये अशी. मौन असेल म्हणून तिनं उठून दिनदर्शिका बघितली होती. अष्टमी-चतुर्दशीला त्या मौन पाळायच्या, ते तिला ठाऊक होतं. पण आज अष्टमी नव्हती, चतुर्दशी नव्हती, पर्व कसलंच नव्हतं. म्हणजे रागच. परीक्षेच्या दिवशी, बरोबर दिवस साधून. उप्पीट गरम होतं, त्यात काजूसुद्धा होते, आणि तिनं ते रागारागानं सगळं खाल्लं.

सेल पुन्हा बोटांत आला होता.

ती नोकरीला होती त्या दूध संघाच्या खोलीत दोन सर्व्हर होते — सगळ्या संकलन केंद्रांवरच्या माणसांची ओळख पटवणारे, एक जुना, एक त्याहून थोडा कमी जुना. एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून दोन. जुन्याच्या पोटातला हा सेल संपला होता. यंत्र चालू आहे तोवर काही बिघडत नाही. बंद केलं की मात्र ते आपलं घड्याळ विसरतं, आणि उठतं ते कुठल्या तरी जुन्या सालात. आणि या यंत्रांचा स्वभाव असा की घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की एक दुसऱ्याला ओळखच देत नाही. कालपर्यंत शेजारी बसलेली यंत्रं! आषाढातच तिनं भाऊसोंना सांगितलं होतं, नवा सेल घालेपर्यंत हे बंद करायचं नाही. भाऊसो तिचे साहेब. औंधचे, फौजेतनं निवृत्त होऊन संघात आलेले, मिशीवाले, मायाळू, तिला पोरी म्हणणारे. ते म्हणाले होते, ‘चालू हाय तवर चालू द्या की.’

आणि खंडेनवमीला, संध्याकाळचं दूध उतरल्यावर, ब्राह्मी घरी गेल्यावर त्यांनी सर्व्हरची पूजा केली. झेंडूची माळ, कुंकू, नारळ. फौजेत बंदुकांची करायचे तशी, मनापासून. पूजेतलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, त्याला विसावा द्यायचा — म्हणून त्यांनी दोन्ही यंत्रं बंद केली. एकाला विसावा आणि एकाला राबणूक, असा भेदभाव नको म्हणून दोन्ही! दसऱ्याच्या पहाटे हात जोडून चालू केली तेव्हा जुनं यंत्र वीसेक वर्षं मागं जाऊन उठलं, बाकीच्यांना वेळ तेच पुरवायचं, आणि जतपासून इकडच्या सगळ्या केंद्रांवर माणसं कॅन घेऊन उभी राहिली; मशीन कुणाला ओळखेना, पावती निघेना, उन्हं वर आली तसं कितीकांचं दूध नासलं. ती सोन्याची पानं तशीच ताटात टाकून धावली. कुंकवानं माखलेलं बटण... झेंडूच्या पाकळ्या पंख्याच्या जाळीत... तिनं हातानं घड्याळ लावलं, आणि मग हळूहळू सगळी एकमेकांना ओळखायला लागली. सेल नंतर बदलला. जुना पर्समध्ये टाकला.

हे एवढंच असतं तर ती हसली असती. पुढं घरी चहाबरोबर सांगितलंही असतं. पण पुढच्या बैठकीत संचालक म्हणाले, ‘सर्व्हर बाईंच्याकडं हुता न्हवं?’ आणि सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं, आणि तिनं भाऊसोंकडं. भाऊसो समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडं बघत होते. किती वेळ बघत होते! ग्लासात काय होतं? ठराव झाला — चैत्रात भाऊसो निवृत्त होतील; तोवर बाई ही परीक्षा पास झाल्या तर विभाग त्यांच्याकडं, नाहीतर पुण्याची कंपनी नेमू, बाई तिच्या माणसांच्या हाताखाली बघतील. बाई. नाव नाही, काही नाही. ज्यांनी बटण दाबलं त्यांना निरोपाचा नारळ, आणि मला परीक्षा.

फोन वाजला. भाऊसोच.

‘पोरी, औंधला आलोय. सकाळीच डोंगर चढून यमाईम्होरं तुज्या नावानं नारळ फोडला बग. लय भारी फुटला, एका दणक्यात. आता काय बी काळजी करू नगंस.’

नारळ. पुन्हा नारळच. दसऱ्यापासून रोज आंघोळ करताना, भाकरी थापताना, गाडी सिग्नलला उभी असताना तिनं या माणसाला मनातल्या मनात किती सुनावलं होतं, कसली कसली वाक्यं घासून ठेवली होती... आणि ऐन वेळी त्यातलं एकही सापडेना.

‘भाऊसो,’ ती म्हणाली, ‘नवमीला बटण दाबायच्या आधी मला एक फोन का नाही केलात?’

पलीकडं देवळातली घंटा वाजली. मग ते म्हणाले, आणि आवाजात खरंच नवल होतं, ‘आगं, पूजेला काय इचारायचं असतंय व्हय?’

‘आणि बैठकीत?’

‘बैठकीचं काय?’

‘तुम्ही काही बोलला नाहीत.’

‘...मी काय बोलनार हुतो गं. त्येंच्या म्होरं पूजेचा इषय काडला असता तर हसली असती की समदी. जातानाच्या वक्ताला कशाला...’ घंटा पुन्हा वाजली. ‘तू हुशार हायस. तू पास हुतीसच. परसाद ठेवतो तुला.’

तिनं फोन ठेवला. हसली असती! याचं हसू होऊ नये म्हणून माझ्यावर ठपका. आणि या माणसाचा धड रागही करता येत नाही, कारण तो डोंगर चढून गेलाय, गुडघे दुखत असताना, माझ्यासाठी... कुणी सांगितलं होतं? मी मागितला होता नारळ? मला एक वाक्य हवं होतं, बैठकीत, सगळ्यांसमोर, चार शब्दांचं. ते फुकट होतं, आणि तेवढंच कुणाकडं नव्हतं.

दोन वाजून गेल्यावर ती लॅपटॉप घेऊन आत्यांच्या खोलीत गेली, आणि दारातच थबकली.

खोली रिकामी होती. जपाचा पाट नव्हता. पोथ्यांची फळी मोकळी. भिंतीवरची दिनदर्शिका काढलेली, तिच्यामागचा चुन्याचा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा दिसत होता. तीर्थक्षेत्राचा फोटो होता, ज्याखाली ओळभर स्तोत्र लिहिलेलं, तोही नव्हता. आरसा उलटा करून ठेवलेला. पलंगावरची चादर, उशी, आत्यांचं पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं चष्म्याचं घर... सगळं उचललेलं. मधोमध फक्त एक टेबल, पुसलेलं, आणि खुर्ची.

रुसून बाहेर पडल्या! दुपारपुरती मागितली तर सगळी खोलीच सोडली. घे बाई, घे. उद्या चार पाहुण्यांत पांढरी साडी सावरत सांगायला मोकळ्या, सुनेनं खोलीतनं बाहेर काढलं. म्हणजे पास झाले तरी मी वाईट. संघात मी वाईट, घरात मी वाईट, आणि कॅमेऱ्यातला तो अजून यायचाय. तिनं लॅपटॉप टेबलावर जरा आदळलाच. कपाळ तापलं होतं. या अशा डोक्यानं दुव्याचा प्रश्न सुटायचा नाही, कसलाच सुटायचा नाही, हे कळत होतं, आणि त्यानं डोकं आणखी तापत होतं.

आर्जवचा फोन आला. मागं हमालांची ओरड, हळदीचा सौदा चाललेला.

‘झाली का तयारी? नेट चालू हाय न्हवं?’

‘तुझ्या आईनं खोली सोडलीय,’ ती म्हणाली. ‘कालपासून माझ्याशी अबोला धरलाय आणि आता सामान उचलून बाहेर. आजच मिळाला मुहूर्त!’

‘अबोला? अगं, नियम घेतलाय तिनं.’

‘कसला नियम?’

‘मौनाचा. काल जेवणानंतरच ठरवलं, आणि सकाळी बस्तीत जाऊन घेतला. तुझ्या खोलीत तिचा आवाज जाऊ नये म्हणून. तुला सांगितलं न्हाई?’ आणि मग त्याचं त्यालाच उमगून तो हसला, ‘ती सांगणार तरी कशी म्हणा. मला वाटलं, कळलं असंल तुला.’

ब्राह्मी भिंतीवरच्या त्या पांढऱ्या चौकोनाकडं बघत होती. भिंतीवर अक्षर नको. आरसा नको. कालचे नियम, तिनं भराभरा वाचलेले, एकही न गाळता...

‘कधीपर्यंत?’ तिनं विचारलं.

‘परीक्षा होईपर्यंत.’ मागं कुणीतरी दर पुकारला. ‘का पास होईपर्यंत, ते काय मी नीट विचारलं न्हाई बघ. घेताना मी गाडी लावत होतो. ठेवू का? सौदा चाललाय.’

तिनं मोठा श्वास घेतला, आणि त्या श्वासाबरोबर आतला राग बाहेर जाईल, विरघळेल, डोळ्यांत पाणीबिणी येईल असं तिला क्षणभर वाटलं — पुस्तकात येतं तसं. आलं नाही. उलट आतून काहीतरी नवंच वर आलं, अधिक तापलेलं. पास होईपर्यंत? आणि झाले नाही तर? नापास होऊन मी या दारातून बाहेर येणार, आणि ही बाई गप्प. उद्या गप्प, परवा गप्प, पहाटेचा पाठ मनात, गॅलरी मुकी, आणि सगळी गल्ली विचारणार काय झालं... माझ्या एका परीक्षेवर हिनं आपलं तोंड टांगलं. कुणाला विचारून? पूजेला काय इचारायचं असतंय व्हय! ते एक, या एक. देवासमोर हात जोडायचे, आणि त्याचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून मोकळं व्हायचं. मला कुणी काही विचारतच नाही, माझ्यासाठी करतानासुद्धा.

पण भाऊसो गप्प बसले ते स्वतःला जपायला. आणि या... तिनं तो विचार तिथंच तोडला. आत्ता नको. आत्ता हा विचार आला तर मी रागावू कुणावर?

पडद्यावर सूचना उमटल्या. खोलीच्या चारी बाजूंचे फोटो काढा. टेबलाचा फोटो काढा. तिनं काढले. रिकाम्या भिंतींचे फोटो एकामागून एक वर चढत गेले, आणि मग एका चौकटीत इंग्रजीतून विचारणा आली: टेबलावरची ती गोल वस्तू कोणती आहे? कृपया खोलीबाहेर ठेवा.

सेल. लॅपटॉपबरोबर तो हातात कधी आला, टेबलावर कधी ठेवला गेला, तिला आठवेना. महिने झाले, कुणीतरी पहिल्यांदाच त्याच्याबद्दल विचारलं होतं.

ती उठली, दार उघडलं. आत्या उंबऱ्याबाहेरच भिंतीला पाठ लावून चटईवर बसल्या होत्या, मांडीवर जपमाळ, पदर ओठांवर दाबून धरलेला — खोकलासुद्धा येऊ नये म्हणून. दोघींची नजर भेटली. ब्राह्मीनं सेल पुढं केला. काय आहे, कशाला, असं त्यांनी खुणेनंही विचारलं नाही; उजव्या हाताखाली डावा धरला आणि देवाच्या अभिषेकाचं गंधोदक घ्यावं तसा तो मळका सेल घेऊन मूठ मिटली.

‘आत्या,’ ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कडक निघाला. ‘होईपर्यंत, का पास होईपर्यंत?’

त्यांनी तिच्याकडं बघितलं. एवढंच. मान हलली नाही, हात हलला नाही; नुसती डोळ्यांच्या कडेला एक बारीकशी हालचाल झाली, ती हसूही असेल, नसेलही. मग मूठ मिटलेल्याच हातानं त्यांनी दार ओढून घेतलं.

तिनं आतून कडी लावली. खुर्चीत बसली. कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका तिच्याकडं बघत होता, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि इतकी वर्षं हवी असलेली अशी खोली मिळाल्यावर तिला कळलं की दसऱ्यापासून घासून ठेवलेली सगळी वाक्यं ऐकायला इथं कुणीच नाही. राग होता. होताच. पण तो आता कुठं बसेना. भाऊसोंकडं जाऊन यायचा, दारापर्यंत जायचा, दाराच्या पलीकडं पदर धरलेल्या त्या तोंडापाशी घुटमळायचा आणि परत यायचा. तिनं ओठ मिटले. घट्ट. पलीकडं एक मिटलेलं तोंड, अलीकडं एक.

खाली रस्त्यावर मेथीवाला आला. हाक भिंतीतून गाळून आल्यासारखी, अगदी बारीक ऐकू आली, लॅपटॉपला कळणारही नाही इतकी. तो घराखाली थांबला. नेहमीप्रमाणे वरून ओ यायची वाट बघत त्यानं पुन्हा हाक दिली, आणि ब्राह्मीच्या लक्षात आलं की आपणही वाट बघतोय, मान किंचित दाराकडं कलवून, पडद्यावरचा प्रश्न सोडून... काल ज्या आवाजाला मी नको म्हटलं तोच. गॅलरीतून कुणी बोललं नाही. गाडीची चाकं खडखडत पुढं सरकली.

‘थांब रं, ए मेथीवाल्या!’ — आत्यांची ती हाक, जशीच्या तशी, ब्राह्मीच्याच ओठांपर्यंत आली होती. तिनं ती दातांखाली धरली, आणि पहिला प्रश्न उघडला.